आपण कोणाची खात्री देतो?

गेल्या महिन्यात दृढीकरणाच्या वर्गात आठव्या आज्ञेचा धडा चालू होता. खोटी साक्ष म्हणजे काय, ती फक्त कोर्टातच दिली जाते का, असे आम्ही मुलांना विचारत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि भलतेच विचारले, "सर, बिटकॉइन जीझस म्हणजे कोण ओ?" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि 'पुढच्या रविवारी सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर त्या प्रश्नाने आमच्या पोटात गोळा आला होता. का, ते या लेखात सांगायचे आहे. मुलाला द्यायचे उत्तर मोठ्यांनीही ऐकावे, म्हणून ते इथे लिहीत आहोत.

आधी त्या नावाबद्दल. 'बिटकॉइन जीझस' हे टोपणनाव रॉजर वेर नावाच्या अमेरिकन माणसाला मिळाले. तो १९७९ साली कॅलिफोर्नियात जन्मला. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकण्याचा त्याचा धंदा होता. बिटकॉइन हे कुठल्याही सरकारने न छापलेले, केवळ कॉम्प्युटरच्या जाळ्यावर चालणारे चलन २००९ च्या जानेवारीत सुरू झाले. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेऊन ते कोणी बनवले, हे आजही जगाला ठाऊक नाही. वेरने २०११ मध्ये त्यात पैसे घालायला सुरुवात केली. तेव्हा एका बिटकॉइनची किंमत एका डॉलरच्या आसपास होती. नुसते घेऊन तो गप्प बसला नाही. भेटेल त्याला सांगत सुटला, लोकांना फुकट बिटकॉइन वाटले, या क्षेत्रातल्या नव्या कंपन्यांना भांडवल दिले. एखाद्या मिशनऱ्याच्या तळमळीने तो प्रचार करतो, म्हणून लोक त्याला या नावाने ओळखू लागले.

आमच्या प्रभूचे नाव असे वापरले म्हणून आम्ही रागावणार नाही. राग येण्यापेक्षा त्या नावाकडे नीट बघितले, तर शिकण्यासारखे बरेच आहे.

२०१३ सालची गोष्ट घ्या. जपानमधल्या टोकियोत 'माउंट गॉक्स' नावाचा बिटकॉइनचा मोठा बाजार होता. तिथून लोकांना आपले पैसे काढता येईनात. कुजबुज सुरू झाली. त्या जुलैमध्ये वेरने एक व्हिडिओ काढला आणि सांगितले की आपण स्वतः जाऊन बँकेची कागदपत्रे पाहिली आहेत, अडचण बँकांची आहे, कंपनीकडे पैसे आहेत. त्याच्या शब्दाला वजन होते. २०१४ च्या फेब्रुवारीत माउंट गॉक्स कोसळले. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब झाल्याचे जाहीर झाले, त्यातले दोनेक लाख नंतर सापडले. वेरने पुन्हा एक व्हिडिओ काढला आणि क्षमा मागितली. तो खोटे बोलला असे आम्ही म्हणत नाही. त्याला जे दाखवले गेले ते त्याने सांगितले. पण जे आपल्याला पुरते माहीत नाही त्याची खात्री त्याने दिली, आणि ती खात्री ऐकून थांबलेल्या लोकांचे पैसे अडकले. आठव्या आज्ञेच्या धड्यात हे उदाहरण बसते की नाही?

दुसरी गोष्ट कराची. २०१४ मध्ये वेरने अमेरिकेचे नागरिकत्व सोडले आणि सेंट किट्स अँड नेव्हिस या छोट्या देशाचे घेतले. नागरिकत्व सोडताना आपल्याकडच्या मालमत्तेचा हिशेब देऊन कर भरावा लागतो. तो नीट दिला नाही, किमान ४ कोटी ८० लाख डॉलरचा कर बुडवला, असा आरोप अमेरिकेच्या सरकारने ठेवला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याला स्पेनमध्ये अटक झाली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे ५ कोटी डॉलर भरायचे मान्य करून त्याने सरकारशी करार केला. इथे आम्हाला मत्तयच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग आठवतो. कर द्यावा की नाही, या प्रश्नात प्रभूला अडकवायला लोक आले. त्याने नाणे मागून घेतले आणि त्याच्यावर कोणाचे चित्र आहे ते विचारले. बिटकॉइनवर कोणाचेच चित्र नाही. त्याच्या चाहत्यांना त्यातच मोठे स्वातंत्र्य दिसते. आम्हाला वेगळा प्रश्न पडतो. नाण्यावर कोणाचा चेहरा नसेल, तर बुडाल्यावर कोणाच्या दारात जायचे?

आता कोणी म्हणेल, कॅलिफोर्निया कुठे, टोकियो कुठे आणि आपले निपाणी कुठे! म्हणून जवळ येऊ.

आपल्या देशात हेच काम अमित भारद्वाज नावाच्या तरुणाने केले. तो दिल्लीचा, शिक्षणाने इंजिनिअर. बिटकॉइन हा शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रातही क्वचित दिसायचा, त्या काळात तो त्यात उतरला. २०१४ च्या सुमारास बिटकॉइन घेऊन वस्तू विकणारे ऑनलाइन दुकान त्याने काढले. पुढे बिटकॉइन 'खणण्याचा', म्हणजे मायनिंगचा उद्योग उभारला. 'क्रिप्टोकरन्सी फॉर बिगिनर्स' नावाचे पुस्तक लिहिले. मोठमोठ्या हॉटेलांत मेळावे भरवले. २०१५ मध्ये त्याने 'गेनबिटकॉइन' ही योजना आणली. सीबीआयने सांगितल्याप्रमाणे ती अशी होती : तुम्ही बाहेरून बिटकॉइन विकत घ्या, ते आमच्याकडे ठेवा, आम्ही त्यातून मायनिंग करू आणि १८ महिने दर महिन्याला १० टक्के बिटकॉइन तुम्हाला परत देऊ. एक ठेवा, दीड वर्षात एक पूर्णांक आठ घ्या. शिवाय तुम्ही आणखी माणसे आणलीत तर त्यावर कमिशन.

हे गणित जरा पाटीवर मांडून बघू या, कारण यात फसण्याचे मूळ आहे. बिटकॉइनचे मायनिंग म्हणजे जगभरच्या यंत्रांची एक शर्यत असते. साधारण दर दहा मिनिटांनी एक यंत्र जिंकते आणि त्याला ठरावीक नवे बिटकॉइन मिळतात. यंत्रे दुप्पट झाली म्हणून नाणी दुप्पट निघत नाहीत. शर्यतच तेवढी अवघड केली जाते. आणि हे बक्षीस दर चार वर्षांच्या आसपास निम्मे होते. २०१६ च्या जुलैत ते २५ वरून साडेबारावर आले. म्हणजे त्या काळात साऱ्या जगात मिळून दिवसाला जेमतेम १,८०० नवी नाणी निघत होती. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे कधी जाणारच नाहीत, हेही पहिल्यापासून ठरलेले. ज्या विहिरीचे पाणी ठरल्या वेळी निम्मे होणार आणि जिथे रोज नवे पोहरे पडणार, तिच्यातून दर महिन्याला न चुकता तेवढीच घागर भरून देईन, असा शब्द कोणाला देता येईल? तंबाखूच्या वखारीत काटा डोळ्यांसमोर लागल्याशिवाय माल न सोडणारे आपले लोक. त्यांनी हा प्रश्न का विचारला नाही?

विचारला नाही, कारण सुरुवातीला पैसे मिळत होते. नव्याने येणाऱ्यांच्या नाण्यांतून जुन्यांना देणे चालते, तोवर सगळे गोड असते. २०१७ मध्ये नवी माणसे येणे आटले, तेव्हा बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे घरचेच नाणे लोकांच्या हातावर ठेवले गेले. त्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने फारच कमी होती. त्याच वर्षी खऱ्या बिटकॉइनचा भाव हजार डॉलरच्या आसपासवरून डिसेंबरपर्यंत वीस हजारांच्या जवळ गेला होता. म्हणजे सोने चढत असताना लोकांच्या हातात पितळ आले. त्या एका वर्षात ६,६०० कोटी रुपये किमतीचे बिटकॉइन गोळा केले गेले, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे.

पुण्यात गुन्हे दाखल झाले. २०१८ च्या एप्रिलमध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला दिल्लीच्या विमानतळावर अटक केली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून त्याला जामीन मिळाला. २०२२ च्या जानेवारीत हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, चाळिशीही न गाठता. नाणी ज्या डिजिटल तिजोरीत होती तिचा पासवर्ड सांगा, असे त्याच्या भावाला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आणखी एक गोष्ट घडली. या तपासात मदत करण्यासाठी ज्यांना तज्ज्ञ म्हणून घेतले होते, अशा दोघांना पुणे पोलिसांनीच अटक केली. तपासातली नाणी परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आला. पुढे देशभरचे गुन्हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने ६० हून जास्त ठिकाणी झडत्या घेतल्या आणि सुमारे २४ कोटी रुपयांची डिजिटल नाणी जप्त केली. त्या शहरांची यादी वाचताना आम्ही थबकलो. दिल्ली, चंदीगड, नांदेड यांच्याबरोबर पुणे, कोल्हापूर आणि बेंगळुरू. पुणे, कोल्हापूर, बेंगळुरू! आपल्या दारावरून जाणारा महामार्गच की हा. निपाणी आणि बेळगाव याच रस्त्यावर आहेत. तेव्हा ही वार्ता आपल्या गावावरून उडून गेली असेल, असे मानायला आम्ही तयार नाही.

भारद्वाजवरचे आरोप सिद्ध व्हायच्या आधीच त्याला मृत्यू आला. त्याच्या आत्म्याचा न्याय आमच्याकडे नाही, देवाकडे आहे. त्याच्या घरच्यांचे दुःखही खरे आहे. पण त्याने जी पद्धत रूढ केली तिचा प्रभाव त्याच्याबरोबर गेला नाही. ती पद्धत आमच्या हॉलपर्यंत आली होती.

२०१७ चा ऑक्टोबर, रोझरीचा महिना. आमच्याच धर्मग्रामातला एक तरुण, क्वायरमध्ये गिटार वाजवणारा, आमच्याकडे आला. त्याला मिस्सानंतर हॉलमध्ये अर्धा तास हवा होता. "नवीन तंत्रज्ञानाची माहिती द्यायची आहे," म्हणाला. योजना गेनबिटकॉइन नव्हती, तिची धाकटी बहीण शोभेल अशी दुसरीच होती. तिचे नाव लिहून काही साधणार नाही. हॉलची किल्ली तेव्हा आम्हा धर्मशिक्षकांकडे असायची. आम्ही चौघांनी हो म्हटले. खुर्च्या मांडल्या. चहा सांगितला. बाहेरगावचा एक पाहुणा बोलायला आला होता, टाय लावून. त्याने भाषणाची सुरुवात प्रार्थनेने केली आणि मग काढला शुभवर्तमानातला मोहरांचा दाखला. मालकाने तिघा चाकरांना पैसे दिले, दोघांनी वाढवले, तिसऱ्याने मातीत पुरून ठेवले. "तुमचे पैसे बँकेत पुरलेले आहेत," असे तो म्हणाला. समोर बसलेल्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावल्या. हा दाखला आम्ही वर्गात कितीदा शिकवलेला. त्यात मालक परत येतो आणि प्रत्येकाकडून हिशेब घेतो, हे त्या पाहुण्याने सांगितले नाही. आम्हालाही तिथे उठून सांगायचे सुचले नाही.

सभा संपल्यावर विड्या वळून संसार केलेल्या आमच्या एक आंटी आमच्याजवळ आल्या. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी त्यांनी ८० हजार साठवले होते. त्यांनी बिटकॉइनबद्दल काहीच विचारले नाही. एवढेच विचारले, "मास्तर, पोरगं बरं हाय न्हवं?" आम्ही म्हणालो, "चांगल्या घरचा आहे आंटी, आमच्या डोळ्यांदेखत वाढला."

ते वाक्य खरे होते. तो चांगल्या घरचाच होता, आजही आहे. पण आंटी मुलाची चौकशी करत नव्हत्या. पैसे द्यावेत का, हे विचारत होत्या. आणि आम्ही हो म्हणालो. सहा महिन्यांत योजनेचे संकेतस्थळ उघडेना झाले. पाहुण्याचा फोन लागेना. मुलीचे शिक्षण एक वर्ष थांबले. आंटींनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "तुमी हुतासा की तितं." त्या दिवसानंतर आठव्या आज्ञेचा धडा घेताना आमचा आवाज खाली जातो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. अशा योजना फसल्या की प्रवचनांत आणि पेपरांत लोकांच्या लोभावर बोट ठेवले जाते. आम्हाला ते अपुरे वाटते. लोभ असतो, नाही असे नाही. पण आंटी लोभी नव्हत्या. पहिल्या दहा खुर्च्यांवर बसलेले बहुतेक लोक लोभी नव्हते. ते विश्वासू होते, आणि त्यांचा विश्वास भारद्वाजवर किंवा सातोशी नाकामोतोवर नव्हता. ही नावे त्यांनी ऐकलीही नव्हती. त्यांचा विश्वास आमच्यावर होता, हॉलवर होता, भिंतीवरच्या क्रुसावर होता. वर बसलेला प्रचारक खालच्या माणसाला कधी भेटत नाही. त्याचा शब्द खाली येतो तो दहा चांगल्या माणसांच्या तोंडून, आणि प्रत्येक जण त्यात आपला थोडा चांगुलपणा मिसळतो. शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेतो त्यात प्रचारकाचे काहीच उरलेले नसते, नुसता आपल्यांचा चांगुलपणा असतो. म्हणूनच तो विकला जातो. वेरचा व्हिडिओ आणि आमचे ते एक वाक्य, यांत आम्हाला फरक दिसत नाही. ऐकणारे त्याच्याकडे लाखो होते, आमच्याकडे एक.

आपल्या भिशीशी याची तुलना करून पाहा. वीस बायका, दर महिन्याची एक तारीख, सगळ्यांसमोर पैसे मोजून चिठ्ठी उचलायची. भिशीही कधी बुडते. पण तिथे पैसे कोणाच्या हातात आहेत हे वीसही जणींना माहीत असते, आणि बुडाली तर दार ठोठावायला घर असते. कोणी म्हणत नाही की दर महिन्याला १० टक्के देईन. तरीही आपण तिला मागासलेली समजतो आणि सिंगापुरातल्या कंपनीच्या नावाला भुलतो.

काही तरुण आमच्यावर रागावतील. क्रिप्टो म्हणजे पाप आहे का, असे विचारतील. नाही. तंत्रज्ञान पाप नसते. रिझर्व्ह बँकेने २०१३ पासून लोकांना सावध केले, २०१८ च्या एप्रिलमध्ये बँकांना यात व्यवहार करायला मनाई केली, आणि २०२० च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. २०२२ पासून सरकार या नफ्यावर ३० टक्के कर घेते. कर घेतला म्हणजे सरकारने हमी दिली असे मात्र होत नाही. ज्याला धोका कळतो, ज्याच्याकडे बुडाले तरी चालतील एवढे पैसे आहेत, त्याने आपल्या जबाबदारीवर जे करायचे ते करावे. आमचा आक्षेप दुसऱ्याच्या वतीने खात्री देण्याला आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात परक्याला जामीन राहणाऱ्याला पुन्हा पुन्हा सावध केले आहे. लहानपणी ती वचने आम्हाला कोरडी, व्यवहारी वाटायची. आता कळते की जामीन राहायला सही लागतेच असे नाही. मान डोलावली तरी पुरते.

हे सारे आज लिहिण्याचे कारण आहे. पुढच्या महिन्यात हॉलमध्ये 'आर्थिक साक्षरता' शिबिर घेऊ द्यावे, अशी विनंती पुन्हा आली आहे. फादरांनी आमचे मत विचारले. आम्ही नाही म्हणालो, आणि त्यावरून काही कुटुंबे नाराज आहेत. त्यांचे म्हणणे, सगळ्यांकडे संशयाने बघितले तर तरुणांना पुढे जायची वाट कोण दाखवणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून नुसता नकार न देता आम्ही फादरांपुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत.

पहिली, वेदीवरून किंवा मिस्सानंतरच्या सूचनांत कुठल्याही गुंतवणुकीचे नाव घेतले जाऊ नये, मग ती कितीही ओळखीच्याची असो. दुसरी, पैशाविषयी बोलायला येणाऱ्याने आपल्याला यातून किती कमिशन मिळते हे सभेआधी लिहून द्यावे आणि ते फळ्यावर लावले जावे. योजना लोकांकडून ठेवी घेत असेल, तर तिची नोंद कुठल्या नियामकाकडे आहे हेही त्यात असावे. रिझर्व्ह बँकेचे 'सचेत' हे संकेतस्थळ त्यासाठीच आहे. तिथे बघता येते आणि तक्रारही करता येते. बिगर-नोंदणीच्या ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये झाला आहे, हेही आपल्या लोकांना सांगितले पाहिजे. तिसरी, धर्मशिक्षक, क्वायर, छोट्या ख्रिस्ती समूहांचे पुढारी, यांपैकी कोणीही धर्मग्रामातल्या माणसांना कसल्याही योजनेत सभासद करून घेऊ नये. ज्याला करायचे आहे त्याने आधी सेवेची जबाबदारी सोडावी. हे कडक वाटेल. पण लोक आपल्या पाठीमागचा क्रूस बघून 'हो' म्हणतात, तो आपल्या मालकीचा नाही.

आणि जे होऊन गेले त्याचे काय? इथे आम्हाला जक्कय आठवतो. तो जकातदारांचा मुखिया, बुटका म्हणून झाडावर चढलेला. प्रभू त्याच्या घरी गेला तेव्हा जक्कयने डोळे पुसत बसण्याऐवजी उभे राहून हिशेब सांगितला : गरिबांना किती देणार, ज्यांना लुबाडले त्यांना किती पटीने परत करणार. पश्चात्तापाला आकडा असतो, हे शुभवर्तमानात याहून स्पष्ट कुठे सांगितले असेल असे आम्हाला वाटत नाही. अशा योजनांत कमिशन घेतलेले लोक आपल्या सगळ्या गावांत आहेत. त्यांतले बहुतेक स्वतःही बुडालेले आहेत, त्यामुळे त्यांना आपण फक्त फसवले गेलो असेच वाटते. ते खरे आहे, पण अर्धे. ज्याच्याकडून चार हजार कमिशन मिळाले, त्याला निदान ते चार हजार परत जाऊ शकतात.

आमचा गिटारवाला हे करून मोकळा झाला. वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे त्याने त्याच योजनेत घालवले होते. आता तो बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत नोकरी करतो. आधी त्याने आंटींचे कमिशन आणून दिले. मग दर महिन्याला जमेल तसे हजार, कधी पाचशे. आंटी घेईनात. तो म्हणाला, "घ्या आंटी, मला झोप लागंना." त्याचे बघून आम्हा चौघांनाही लाज वाटली आणि आम्ही आमचा वाटा घातला. खुर्च्या आम्ही मांडल्या होत्या ना! गेल्या ईस्टरच्या आधी ८० हजारांचा हिशेब पुरा झाला. मुलगी कोल्हापुरात नर्स आहे. ज्या सभेने तिचे एक वर्ष खाल्ले ती मात्र आम्हाला परत करता येत नाही.

येत्या रविवारी त्या मुलाला उत्तर द्यायचे आहे. आम्ही त्याला वेरचे सांगू, भारद्वाजचे सांगू, आणि मग आमचे सांगू. आमचे सांगितल्याशिवाय आधीच्या दोघांचे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. आणि हेही सांगू की ज्याचे नाव त्या टोपणनावात आहे, त्याने कधी कोणाला टक्के सांगितले नाहीत. आपल्यामागे येणाऱ्याला काय सोसावे लागेल तेच त्याने आधी सांगितले.

वाचकहो, तुमच्या धर्मग्रामात, तुमच्या ओळखीत, कोणी आंटी तुम्हाला एखाद्याबद्दल 'बरं हाय न्हवं?' असे विचारत असतील, तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबा. जे माहीत नाही ते 'मला माहीत नाही' असे म्हणण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.